झोताच्या वाटेतला पापुद्रा

माझं चष्म्याचं दुकान आहे आणि माझी थोरली बहीण शहरातली बस चालवायची. परवान्याची मुदत संपत आली, की अधिकृत तपासणीच्या आधी ताई एकदा माझ्या खुर्चीत येऊन बसे. "तिथे फजिती होण्यापेक्षा घरात झालेली बरी," असं तिचं म्हणणं. त्या खेपेलाही ती ड्युटी संपवून गणवेशातच आली आणि भिंतीवरची अक्षरं अगदी तळाच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचून मोकळी झाली.

"पाठ झालीत तुला," मी म्हणालो.

"मग नवा तक्ता आण. चिकट कुठला."

मी हसत तिचा डावा डोळा झाकला, समोर बसलो आणि दोन्ही हात पसरले. ही तपासणी साधी असते. समोरच्यानं माझ्या नाकाकडे बघत राहायचं आणि कडेला मी बोट हलवलं, की सांगायचं. वरच्या बाजूचं तिनं सांगितलं, डावीकडचं सांगितलं. उजवीकडे खाली मी बोट हलवत राहिलो आणि ताई माझ्या नाकाकडे बघत स्वस्थ बसून राहिली.

"हलव की," ती म्हणाली.

"हलवतोय."

"बारक्या, थट्टा पुरे."

मी पन्नाशीला टेकलो तरी तिच्या लेखी बारक्याच. मी बोट हळूहळू आत आणत गेलो. बरंच आत आल्यावर ती एकदम दचकली, जणू बोट हवेतून उगवलं होतं. मग माझा चेहरा बघून तिचंही हसू मावळलं. ती म्हणाली, "गेल्या महिन्यात डेपोच्या फाटकाला उजवा आरसा घासला माझा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी फाटकालाच शिव्या घातल्या."

माझ्या दुकानातून ती घरी गेली नाही, सरळ डेपोत गेली. डोळ्याचा निकाल लागेपर्यंत आपण गाडीवर बसणार नाही, असं तिनं स्वतःहून सांगून टाकलं. कुणी सांगायची वाट बघितली नाही. तिथल्या साहेबांनी तिला नियंत्रण कक्षात बसवलं. कुठली गाडी किती उशिरा येणार हे माइकवरून सांगायचं काम. "दुसऱ्यांच्या गाड्यांचं रडगाणं गायला ठेवलंय मला," ती म्हणे.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्कॅन करायला सांगितलं. स्कॅनमध्ये गाठ दिसली. आणि पुढच्या सल्ल्यासाठी आम्हा बहीणभावाला जिथे पाठवलं, तिथेच माझी बायको नोकरी करते.

ते केंद्र म्हणजे रुग्णालय आणि प्रयोगशाळा यांचं एकत्र बिऱ्हाड. तळघरात एक भलंमोठं यंत्र आहे. ते प्रोटॉन नावाचे अतिसूक्ष्म कण प्रचंड वेगानं पळवतं आणि त्यांचा बारीक झोत करून रोग्याच्या गाठीवर सोडतं. या झोताचा मोठा गुण असा, की तो ठरवलेल्या खोलीवर जाऊन थांबतो. गाठीच्या मागे जे असेल त्याला धक्का लागत नाही.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी ताईच्या डोक्याचं चित्र पडद्यावर लावलं आणि पेनाच्या टोकानं एक पांढुरका ठिपका दाखवला. "ही गाठ. कर्करोगाची नाही, आधीच सांगते. हरभऱ्याएवढी आहे आणि आळशी आहे. पण बसलीय ती उजव्या डोळ्याच्या नसेला खेटून."

"मग हाकला तिला," ताई म्हणाली.

"ऑपरेशन करून काढायला गेलो तर नस वाचेलच असं मला सांगता येणार नाही. झोत मारायचा, तर त्याचीही अडचण आहे. झोत मागच्या बाजूला स्वच्छ थांबतो, पण त्याच्या कडा पसरट असतात. गाठ आणि नस यांच्यात जेवढी फट आहे, त्यापेक्षा आमच्या झोताची कड रुंद आहे. गाठीबरोबर नसही भाजेल."

"म्हणजे इकडून गेलं तरी डोळा जाणार, तिकडून गेलं तरी डोळा जाणार."

"म्हणून आत्ता काहीच करू नये, असं माझं मत. काही महिन्यांनी परत स्कॅन करू. वाढली नसेल तर तिला तिच्या जागी सुखानं राहू दे."

"आणि वाढली तर?"

डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघून जराशा हसल्या. "झोताच्या कडा का पसरतात, हे माझ्यापेक्षा तुमच्या घरातल्या बाई जास्त चांगलं सांगतील."

घरातल्या बाई म्हणजे माझी बायको. तिचं आणि ताईचं वैर नव्हतं, पण गूळपीठही नव्हतं. ताईला मोठ्यानं बोलायची सवय, कारण जन्मभर इंजिनाच्या वर आवाज चढवलेला. बायको काम करते त्या खोलीत मोठ्यानं श्वास घ्यायचीसुद्धा बंदी. ताई तिला शास्त्रीणबाई म्हणायची, ती ते हसून सोडून द्यायची. दोघी एका टेबलाशी जेवायच्या, पण संभाषण बरंचसं माझ्यामार्फत चाले. त्या संध्याकाळी मात्र ताईनं मला मध्ये न घेता थेट विचारलं, "शास्त्रीणबाई, झोत पसरतो कशानं?"

बायकोनं हातातला घास खाली ठेवला.

"रोग्यापर्यंत जाण्याआधी झोत एका पेटीतून जातो, ताई. आमची पेटी. झोत कुठे पडतोय, किती पडतोय, हे ती मोजते. काही चुकतंय असं दिसलं तर पापणी लवायच्या आत तो बंद करते. त्या पेटीत एकामागे एक पातळ पडदे ताणलेले असतात. झोत त्यांच्यातून आरपार जातो, पण प्रत्येक पडद्यात कण जरा जरा बिचकतात आणि त्यांची वाट किंचित वाकडी होते. पेटीपाशी ते कळतही नाही. पण पुढे रोग्यापर्यंत पोचेस्तोवर त्या वाकडेपणाचा पसारा होतो."

"काचेवर वाफ धरली की समोरचा दिवा पसरतो, तसं," मी म्हणालो.

"जवळजवळ तसंच," ती म्हणाली. माझी उपमा तिनं मान्य केली असा प्रसंग क्वचित येतो, त्यामुळे मी खूश झालो.

"मग ती पेटी काढून टाका," ताई म्हणाली.

"आणि झोत कुठे चाललाय ते कळणार कसं? डोळे मिटून बस चालवाल तुम्ही?"

"मिटून नाही. पण एकामागे एक चार काचा लावूनही नाही चालवणार."

"तेच!" बायकोनं टेबलावर हात मारला. मी तिला असा हात मारताना कधी पाहिलं नव्हतं. "तेच करतेय मी दोन वर्षं. काचा काढायच्या नाहीत, पातळ करायच्या."

ती आत गेली आणि एक गोल डबी घेऊन आली. डबीत बांगडीएवढी धातूची कडी होती आणि कडीवर ताणलेला, आरशासारखा चकचकीत पापुद्रा. "नमुना आहे, बिघडलेला, म्हणून घरी आहे. केसाचा चाळिसावा भाग एवढी जाडी. वर ॲल्युमिनियमचा मुलामा." तिनं तो दिव्यासमोर धरला. इतका वेळ चंदेरी दिसणारा पापुद्रा एकदम निळा झाला आणि त्याच्यातून दिवा दिसायला लागला. ताई श्वास रोखून बघत होती.

"फाटत नाही?"

"फाटतो की. रोज फाटतो. शिंकलं तर फाटतो, बोट जवळ नेलं तर उडी मारून बोटाला चिकटतो. तिथे सगळे मला पापुद्रेबाई म्हणतात."

"एवढी वर्षं हे करतेस तू? मला वाटलं, कॉम्प्युटरवर आकडे बघत बसतेस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

"तू कधी सांगितलं नाहीस," ताई म्हणाली, पण आवाजात कुरबूर नव्हती. तिनं कडी बायकोच्या हातातून घेतली नाही. नुसती मान तिरपी करून या बाजूनं, त्या बाजूनं बघत राहिली.

दुसऱ्याच दिवशी बायकोनं केंद्रात सांगून टाकलं, की या पडद्यांची वाट बघणाऱ्यांत आता आपली नणंदही आहे. सांगितलं ते सावकाशरावांना. हे त्यांचं खरं नाव नव्हे. झोताच्या सुरक्षेची जबाबदारी असलेले हे गृहस्थ उंच, हडकुळे आणि वाक्य पूर्ण करायला इतका वेळ घेणारे, की समोरचाच ते पूर्ण करून टाकी. म्हणून त्यांच्या माघारी हे नाव. त्यांनी होकार दिल्याशिवाय झोताच्या वाटेत टाचणीसुद्धा ठेवता येत नसे.

संध्याकाळी बायको घरी आली ती तणतणतच. ताईही तेव्हा आमच्याकडेच होती.

"म्हणे, पडदे तुम्ही बनवा, पण मोजणी तुम्ही करायची नाही! तुमचं माणूस रांगेत आहे, म्हणे. मी काय खोटे आकडे काढणार आहे? दोन वर्षं घासतेय मी, त्या पेटीचा स्क्रू न् स्क्रू मला माहीत आहे, आणि मोजणार कोण? हे! यांना चहात साखर घालायची की नाही हे ठरवायला अर्धी दुपार लागते!"

मी मान हलवत होतो. नवऱ्यानं अशा वेळी मान हलवावी हे मी अनुभवानं शिकलोय. पण ताई म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं."

बायको थबकली.

"आमच्याकडे जो मेकॅनिक ब्रेक दुरुस्त करतो, तो गाडी पास करत नाही. पास करणारा वेगळा. दुरुस्त करणारा चोर असतो म्हणून नाही. त्याला गाडी बाहेर निघायला हवी असते म्हणून. ज्याला हवं असतं त्याला दिसत नाही, शास्त्रीणबाई. मी फाटकालाच शिव्या घातल्या होत्या ना?"

बायको जेवली, भांडी घासली. मग हात पुसत बाहेर येऊन ताईला म्हणाली, "ठीक आहे. मोजू दे त्यांना."

पेटीला लागणारे सगळे पडदे तिनं बनवले, पेटीत बसवले आणि पेटी सावकाशरावांच्या स्वाधीन केली. त्यानंतरचे आठवडे तिला खायला उठत होते. मोजणीच्या खोलीच्या दाराबाहेरून जाताना पावलं आपोआप मंदावायची, पण आत जायचं नाही असं तिनंच ठरवलं होतं. शेवटी एकदा सावकाशरावांनी तिला बोलावलं. झोताची कड खरंच अरुंद झाली होती. पण पेटी जे आकडे सांगत होती, ते थरथरत होते. आणि ती थरथर खोलीतला हवा खेळवणारा पंखा चालू असला, की वाढायची.

पडदा इतका पातळ, की तो हवेच्या आवाजानं ढोलकीच्या पुडीसारखा कापत होता.

"सरासरी अगदी बरोबर येतेय, सर," बायको म्हणाली. "ही थरथर आपण आकडेमोडीत गाळून टाकू शकतो."

"सरासरी बरोबर आहे," सावकाशराव म्हणाले आणि थांबले. या वेळी कुणी त्यांचं वाक्य पूर्ण केलं नाही. "पण रोगी सरासरीवर झोपत नाही, मॅडम. त्या घटकेला पेटी काय सांगते, त्यावर झोपतो."

हे तिनं मला घरी येऊन सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचीच मला जास्त काळजी वाटली. पंखा बंद ठेवता येत नव्हता. यंत्राच्या खोलीतली हवा खेळती ठेवावीच लागते. पडदा जाड करायचा तर मूळ मुद्दाच गेला. मी आपलं न राहवून म्हणालो, "चष्म्याची फ्रेम मी गरम करून काच बसवतो. थंड झाली की काच घट्ट आवळली जाते. तसं करून बघ ना." तिनं बिचारीनं करून बघितलं. माझ्या समाधानासाठीच केलं असावं. पापुद्रा आक्रसून मनुक्यासारखा झाला. तो मनुका तिनं मला घरी आणून दाखवला, आणि त्या दिवसानंतर मी सल्ला देणं बंद केलं.

त्यातच ताईचा दुसरा स्कॅन झाला. गाठ वाढली होती. थोडीच, पण वाढली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अजून एक स्कॅन होईपर्यंत मी थांबू शकते. त्यापुढे थांबायला मी सांगणार नाही. ऑपरेशनची तयारी ठेवा."

ताईनं हे घरी सांगितलं ते काकडी चिरता चिरता, जणू पुढच्या थांब्याचं नाव सांगावं तसं. बायकोचा चेहरा पांढरा पडला.

"ताई, मी उद्या सरांशी बोलते. थरथर आहे, पण ती इतकी लहान आहे... तुमच्यापुरतं, फक्त तुमच्या वेळेपुरतं आपण..."

"काय आपण?" ताईनं सुरी खाली ठेवली. "ऐक. मी सकाळी गाडी बाहेर काढते तेव्हा आधी ब्रेक दाबून बघते. पाठीमागे साहेब बोंबलत असतो, उशीर झाला, उशीर झाला. बोंबलू दे. ब्रेक लागला नाही तर गाडी हलत नाही. माझ्या गाडीत लोक बसलेले असतात, म्हणून. आणि तुझ्या गाडीत मी बसणार म्हणून तू ब्रेक न बघता निघणार? मग मी बसणारच नाही. अति घाई संकटात नेई, ही पाटी मी रोज वाचते, तुला एकदाच वाचून दाखवते."

"डोळा जाईल तुमचा."

"गेला तर गेला. तुझ्यामुळे गेला असं नको व्हायला. तुझ्या त्या खोलीत पुन्हा पाऊल टाकवेल का तुला?"

बायको रडली. इतक्या वर्षांत ताईसमोर पहिल्यांदाच. ताईला रडणाऱ्या माणसाचं काय करायचं ते कधीच कळत नाही, तिनं काकडीची ताटली तिच्याकडे सरकवली आणि म्हणाली, "मीठ लावलेलं नाही अजून." बायको रडता रडता हसायला लागली आणि खरंच काकडी खायला लागली.

सावकाशराव मात्र गप्प बसले नव्हते. ते मोजतच होते. ज्या पेटीला त्यांनी नाकारलं होतं, तिचाच एकेक पडदा सुटा करून, त्याच्या प्रत्येक भागावर बारीक झोत सोडून, कुठे किती थरथर आहे हे त्यांनी तपासलं होतं. हे करायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. एक दिवस ते स्वतः बायकोच्या खोलीत आले. दाराशी बूट काढले, तोंडावर कापड बांधलं आणि आत येऊन उभे राहिले.

"मॅडम, एक गंमत आहे," ते म्हणाले. "सगळा पडदा थरथरत नाही. एकच कोपरा थरथरतो. बाकीचा शांत."

"कुठल्या पडद्याचा?"

"सगळ्यांचा. आणि प्रत्येकाचा... तोच कोपरा."

बायको सांगते, की तिनं एकेक पडदा बनवतानाचा दिवस आठवून बघितला. सगळे पडदे वेगवेगळे होते, वेगवेगळ्या दिवशी बनवलेले. सारखं काय होतं? सारखी होती ती तिची सवय. कडीला गोंद लावताना ती नेहमी एकाच जागेपासून सुरुवात करायची आणि फिरून तिथेच येऊन संपवायची. त्या जागी गोंद दुहेरी बसायचा. वाळताना गोंद आकसतो. जिथे जास्त, तिथे जास्त. तो पापुद्र्याला आपल्याकडे ओढून घ्यायचा आणि शेजारचा भाग सैल पडायचा. डोळ्यांना न दिसणारा तो सैलपणा पंख्याला मात्र बरोबर सापडायचा.

"म्हणजे गोंदाच्या भरवशावर ताण ठेवायचाच नाही," ती म्हणाली.

"मग कशाच्या?" सावकाशरावांनी विचारलं. त्या दिवशी ते तिच्याकडेच बसून राहिले. दोघांनी मिळून कागदाचे तुकडे ताणून बघितले, सुईनं भोकं पाडून बघितली. निघालं ते असं: पापुद्रा आधी एका मोठ्या कडीवर ताणायचा, आणि यंत्राच्या खोलीत जसा दमटपणा असतो तशाच हवेत त्याला विसावू द्यायचा, म्हणजे जे काय सैल पडायचं ते तिथेच पडेल. मग खालून लहान कडी हळूहळू वर दाबायची, जशी डफाच्या कातड्याखाली कडी सरकवावी. पापुद्रा सगळ्या बाजूंनी सारखा ताणला जातो. मग गोंद फक्त त्याला धरून ठेवण्यापुरता, तोही पातळ आणि एकसारखा. मग बाहेरचा भाग कापून टाकायचा.

सांगायला सोपं. कडी दाबताना केसभर तिरपी झाली, की पापुद्रा फाटायचा. फाटताना आवाजसुद्धा व्हायचा नाही. आत्ता होता आणि आत्ता नाही. बायको घरी आली, की ताई दारातच विचारायची, "आज किती शहीद?" आणि बायको आकडा सांगायची. आकडा हळूहळू कमी होत गेला. मग एका संध्याकाळी ती म्हणाली, "आज एकही नाही," आणि ताईनं तिच्या पाठीत असा धपाटा घातला, की ती खोकत बसली.

पेटी पुन्हा सावकाशरावांकडे गेली. ते याही वेळी सावकाशच मोजत होते. पंखा लावून, पंखा बंद करून, दार आपटून, खोलीत माणसं नाचवून. खरंच नाचवून. तंत्रज्ञांना त्यांनी पेटीशेजारी उड्या मारायला लावल्या, आणि म्हणे स्वतःही दोन मारल्या. आकडे हलले नाहीत. झोताचा जो ठिपका रोग्यापाशी आधी अंगठ्याच्या नखाएवढा पडायचा, तो आता करंगळीच्या नखाएवढा पडत होता, आणि त्याची कड स्वच्छ होती. ज्या दिवशी त्यांनी होकार दिला, त्या दिवशी ते बायकोला म्हणाले, "मॅडम, पेटी रोग्याला द्यायला माझी हरकत नाही." वाक्य एका दमात पूर्ण. केंद्रात त्या दिवशी बातमी पेटीची झाली तितकीच या वाक्याचीही झाली.

नव्या पेटीतून गेलेल्या झोताचा पहिला मान एका निवृत्त छापखानेवाल्यांना मिळाला, दुसरा एका सुईणबाईंना. त्यांच्या गाठी ताईच्या आधीपासून वाट बघत होत्या. ताई तिसरी, आणि डॉक्टरीणबाईंनी दिलेली मुदत अजून संपली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी नवा आराखडा आखला आणि गाठ व नस यांच्यामधल्या फटीवर पेन ठेवून म्हणाल्या, "आता कड इथे मावते. घसघशीत नाही, पण मावते."

ताईच्या चेहऱ्याच्या मापाचा जाळीचा मुखवटा बनवला, डोकं हलू नये म्हणून. तो घालून तिला झोपवायचे आणि उघड्या डोळ्यानं एका बारीक दिव्याकडे बघत राहायला सांगायचे. "या मुखवट्यात मी देखणी दिसते, असं तिथली परिचारिका म्हणाली," ताईनं मला सांगितलं. "मी म्हटलं, काढल्यावर बघ, आणखी देखणी दिसते." सहा आठवडे, आठवड्यातले पाच दिवस हे चाललं. ताईच्या वेळेला बायको नियंत्रणाच्या खोलीत पाऊल टाकत नसे. ती बाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी येऊन बसे आणि दारावरचा लाल दिवा विझेपर्यंत माझं मनगट इतकं घट्ट धरून ठेवी, की घड्याळाचा वळ उठायचा. दिवा विझला, की दार उघडायचं आणि ताई आतून ओरडायची, "पुढचा थांबा, घर!"

शेवटच्या दिवशी सावकाशरावही बाकावर येऊन बसले. ताईला ते तेव्हाच पहिल्यांदा भेटले. ताईनं त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "तुम्ही आमच्या डेपोत हवे होतात हो."

त्यांनी नेहमीप्रमाणे वेळ घेतला. मग म्हणाले, "गाड्या... सुटल्या नसत्या."

ताई इतकी हसली, की परिचारिका बघायला बाहेर आली.

पुढच्या स्कॅनला गाठ तेवढीच होती. त्याच्या पुढच्या स्कॅनला किंचित आकसलेली. डॉक्टरीणबाई हात राखून बोलणाऱ्या, पण त्याही म्हणाल्या, "आता ही उठून बसेल असं मला वाटत नाही." नस शाबूत राहिली. उजवीकडची गेलेली नजर अर्धीअधिक परत आली, उरलेली मात्र आली नाही, आणि येईल असं कुणी सांगतही नाही. नियम नियम असतात. प्रवासी भरलेली बस चालवायची परवानगी ताईला मिळाली नाही. वर्षानं पुन्हा तपासू, असं सांगितलं गेलं. त्या दिवशी ती माझ्या दुकानात येऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली. गिऱ्हाईक आलं, चष्मा घेऊन गेलं. मग ती उठली, आरशासमोर केस नीट केले आणि म्हणाली, "डेपोत नवे लोक शिकवायला कुणी नाही. जो आहे तो घोरतो."

आता ती शिकवते. डेपोच्या मागच्या मोकळ्या पटांगणात, शेजारच्या सीटवर बसून, हाताखाली जादा ब्रेक घेऊन. तिचा आवाज फाटकाबाहेर ऐकू येतो. तिच्या हाताखालून गेलेला चालक आरसा बघितल्याशिवाय घरातल्या खुर्चीतूनही उठत नाही, असं तिथले लोक म्हणतात. बायकोचं कामही वाढलंय. दुसऱ्या दोन केंद्रांतले लोक कडी दाबायची पद्धत शिकायला तिच्याकडे येऊन गेले, आणि सावकाशराव त्यांना आठवडाभर नुसतं मोजायला शिकवत होते.

परवा सुट्टीच्या दिवशी ताई आम्हा दोघांना डेपोत घेऊन गेली. पटांगण रिकामं होतं. एक जुनी, सीटांचं कापड उसवलेली बस मध्यभागी उभी होती. ताईनं दार उघडलं आणि बायकोला म्हणाली, "चढ. तिकडे नाही, इकडे. चालकाच्या जागेवर."

"मी? ताई, मला साधी सायकलसुद्धा धड..."

"तुझ्या खोलीत श्वास रोखून उभी राहिले होते मी परवा, तू दाखवायला नेलं होतंस तेव्हा. आता माझ्या खोलीत तू बस."

बायको बसली. त्या मोठ्या चाकामागे ती अगदीच लहान दिसत होती. तिनं चाक दोन्ही हातांनी इतकं हलकं धरलं, जणू ते फुंकरीनं फाटेल.

"अगं, आवळून धर! लोखंड आहे ते," ताई ओरडली. "हां. आता डावा पाय दाब. दाब, दाब, लाजू नकोस त्याला. आता हळूच सोड. हळूच म्हटलं मी."

गाडीनं एक आचका दिला, मी पुढच्या सीटवर आपटलो, इंजिन बंद पडलं. दुसऱ्यांदाही बंद पडलं. तिसऱ्यांदा बस गुरगुरली, थरथरली आणि कासवाच्या चालीनं पुढे निघाली. बायकोच्या तोंडून एक बारीकशी किंकाळी निघाली आणि मग हसू. ताईनं खिडकी उघडली, मान बाहेर काढून रिकाम्या पटांगणाला बजावलं, "बाजूला व्हा!" आणि आमची बस सकाळच्या उन्हात मोठं, वेडंवाकडं वळण घेत फिरू लागली.